जुनं आयरिश साहित्य: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आठ-नऊ वर्षं मी आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये राहतोय. पोटापाण्याचं काम सॉफ्टवेअरचं. जुनी आयरिश पुस्तकं हा नाद. सुट्टीत घरी आलो की कोणी ना कोणी विचारतं, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. दर वेळी चहा गार होईपर्यंत बोलण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं. मी प्राध्यापक नाही. मतं माझी आहेत आणि काही जरा तिखट आहेत.

आयरिश साहित्य म्हणजे शेवटी इंग्रजीच ना? येट्स, शॉ, वाइल्ड, जॉइस?

ती झाली वरची साय. खालचं दूध आयरिश भाषेतलं आहे, आणि ते फार जुनं आहे. कॉर्कच्या विद्यापीठात मुख्य इमारतीच्या व्हरांड्यात ऑगम लिपीतले दगड ओळीनं उभे आहेत. दगडाच्या कडेवर आडव्या-तिरक्या रेघा, बस. वाचल्या तर बहुतेक ठिकाणी एवढंच निघतं: अमुक, तमुकाचा मुलगा. पुढं ख्रिस्ती मठ आले, लॅटिन अक्षरं आली, आणि भिक्षूंनी धर्मग्रंथांच्या बरोबरीनं आपल्या बोलीतल्या कथा, कायदे, कविता, वंशावळ्याही उतरवून ठेवल्या. ग्रीक आणि लॅटिन बाजूला ठेवलं तर पश्चिम युरोपात लोकभाषेतलं इतकं जुनं साहित्य दुसरीकडे क्वचितच.

एकच पुस्तक सांगा. सुरुवात कुठून करू?

‘टॉइन बो कूलन्या’. नावाला घाबरू नका. ‘बो’ म्हणजे गाय, आणि हा शब्द आपल्या ‘गो’चा सख्खा चुलतभाऊ आहे. ‘टॉइन’ म्हणजे गुरं हाकलून नेणं. विराटपर्व ऐकलेल्या माणसाला अर्थ सांगायलाच नको: हे गोग्रहण आहे. कूली नावाच्या भागातलं गोग्रहण.

पहिला प्रसंग शेजघरातला. कॉनाक्ट प्रांताची राणी मेव्ह आणि तिचा नवरा आलिल गादीवर पडल्या पडल्या हुज्जत घालतात की दोघांत जास्त मालमत्ता कोणाची. बोलणं वाढतं आणि खरोखरच मोजदाद सुरू होते. बादल्या येतात, लोखंडी भांडी येतात, अंगठ्या, कापडचोपड, मेंढरं, घोडे, डुकरं. सगळं तोडीस तोड. गाडी अडते ती एका पांढऱ्या शिंगांच्या वळूवर. तो जन्मला मेव्हच्या खिल्लारात, पण बाईच्या मालकीचा म्हणवून घेणं त्याला कमीपणाचं वाटलं, म्हणून आपणहून आलिलच्या कळपात जाऊन उभा राहिला! आता मेव्हला तोलामोलाचा वळू हवा. तसा देशात एकच, कूलीचा तपकिरी वळू. ती तो वर्षभरासाठी उसना मागते, मोबदलाही भरघोस देऊ करते, मालक खूश होऊन हो म्हणतो. मग रात्री जेवणाखाणात तिचे दूत पिऊन बरळतात, ‘दिला नसता तर हिसकावून नेला असता.’ ते मालकाच्या कानावर जातं आणि सौदा मोडतो. एका वळूपायी फौजा निघतात.

कूली ज्या अल्स्टर प्रांतात येतं तिथले वीर त्याच वेळी अंथरुणात कळा देत पडलेले. त्यांनी एका गरोदर बाईला राजाच्या घोड्यांबरोबर शर्यतीत पळायला लावलं होतं. तिचा शाप होता की संकटाच्या वेळी तुम्हाला बाळंतपणाच्या कळा येतील. त्यातून सुटलेला एकच, सतरा वर्षांचा कू खलिन. तो नदीच्या उतारावर उभा राहून एकेकाशी लढतो. शेवटी समोर येतो फरडिया, त्याच्याबरोबर एकाच गुरूकडे शिकलेला, भावासारखा. दिवसभर एकमेकांना भोसकायचं आणि रात्री जखमांवर लावायचा पाला कू खलिननं नदीपलीकडे पाठवायचा, फरडियानं आपल्या ताटातलं निम्मं. दोघांचे घोडेही एकाच कुंपणात. तिसऱ्या रात्री मात्र कोणी काही पाठवत नाही. त्या ‘पाठवत नाही’पाशी मी दर वेळी पुस्तक मिटून थोडा वेळ बसतो.

हे जुनं साहित्य मधे ‘हरवलं’ होतं असं ऐकलं. म्हणजे नेमकं काय झालं होतं?

गंमत अशी की हरवण्या-सापडण्याची गोष्ट आयरिश लोकांनी स्वतःच कधीची लिहून ठेवलीय. कवी शेनहान यानं सगळ्या कवींना गोळा करून विचारलं, टॉइन अख्खी कोणाला येते? कोणालाच येईना, तुकडे तुकडे येत होते. कारण काय, तर टॉइनची पोथी देऊन कोणीतरी बदल्यात लॅटिन ज्ञानकोश घेतला होता. मग एक तरुण कवी फर्गस या जुन्या योद्ध्याच्या थडग्यापाशी बसून त्याला साद घालतो. धुकं दाटतं, फर्गस हिरवा झगा घालून उठून येतो आणि तीन दिवस तीन रात्री सगळी कथा सांगतो.

बाराव्या शतकातल्या ‘लेन्स्टरच्या ग्रंथा’त टॉइन संपते तिथं दोन टिपा आहेत. एक आयरिशमध्ये: जो ही कथा जशीच्या तशी पाठ करील, त्यात फेरफार करणार नाही, त्याला आशीर्वाद. तिला लागूनच दुसरी, लॅटिनमध्ये: मी ही कथा लिहिली खरी, पण यातल्या बऱ्याच गोष्टींवर माझा विश्वास नाही, काही तर मूर्खांच्या करमणुकीसाठी आहेत. आपल्याकडच्या एखाद्या लेखकूनं पोथीच्या शेवटी असं लिहिलं असतं तर काय बहार आली असती.

खरा इतिहास कमी काव्यमय आहे. १६०१ मध्ये किन्सेलच्या लढाईत गेलिक, म्हणजे आयरिश बोलणारे, सरदार इंग्रजांपुढं हरले, १६०७ मध्ये बडे सरदार देश सोडून गेले. कवींना, लेखकूंना पोसणारी घरंच उठली. डोनेगॉलमध्ये मिहॉल ओ क्लेरी आणि सहकाऱ्यांनी १६३२ ते १६३६ या चार वर्षांत मिळतील तेवढ्या जुन्या नोंदी एकत्र करून मोठी बखर रचली. घर बुडताना सामान बाहेर काढावं तशी. १८४५ पासूनच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढीच देशाबाहेर गेली, आणि त्यात आयरिश बोलणारी गरीब पश्चिमेकडची माणसं फार होती. गोष्टी सांगणारे गेले, तशा ऐकणारेही गेले.

आणि १९२२ ची आग? तिच्याबद्दल फार ऐकलंय.

यादवी युद्धात डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्स’ या न्यायालयाच्या आवारात ३० जून १९२२ ला स्फोट झाला आणि शेजारचा सरकारी दफ्तरखाना जळून गेला. सात शतकांचे कागद. जळके कपटे शहरावर उडत होते. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचे बहुतेक तक्ते त्यात गेले.

पण सगळं पाप त्या आगीच्या माथी मारू नका. १८६१ ते १८९१ च्या चार जनगणनांचे कागद सरकारनं स्वतःच नष्ट केले होते. काही पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले. बंदुकीपेक्षा कारकुनी जास्त चोख काम करते. वाचल्या त्या १९०१ आणि १९११ च्या नोंदी, आणि त्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट बघता येतात.

आगीला शंभर वर्षं झाली तेव्हा, जून २०२२ मध्ये, त्या दफ्तरखान्याचं आभासी रूप इंटरनेटवर खुलं झालं. जळलेलं परत आलेलं नाही. पण लंडन, बेलफास्ट आणि इतर ठिकाणी ज्या नकला, सारांश, टाचणं पडून होती ती शोधून शोधून त्या त्या रिकाम्या फळीवर लावलीयत. तिथं कोणते कागद होते हे कळतं ते १९१९ मध्ये तिथल्याच एका अधिकाऱ्यानं छापलेल्या सूचीमुळे. ती सूची नसती तर काय गेलं हेही कळलं नसतं.

मग बाकीचं सापडलं कुठं?

भिंतीत, दलदलीत आणि परदेशात.

भिंतीत: लिस्मोर किल्ल्यात १८१४ मध्ये दुरुस्ती चालू असताना बुजवलेल्या जागेत एक हस्तलिखित निघालं. पंधराव्या शतकाच्या शेवटी मॅकार्थी सरदारासाठी लिहिलेला तो ‘लिस्मोरचा ग्रंथ’; २०२० मध्ये कॉर्कच्या विद्यापीठाला मिळाला.

दलदलीत: २००६ मध्ये टिपररी परगण्यात पीट (दलदलीतली जळाऊ माती) काढणाऱ्या यंत्राच्या चालकाला चिखलात एक पुस्तक दिसलं. इसवी सन ८०० च्या आसपासची स्तोत्रांची लॅटिन पोथी. आतली पानं गळून गेलेली, शाई होती तिथं अक्षरं टिकलेली, आणि चामड्याच्या वेष्टणाला आतून चक्क पपायरस! आयर्लंडच्या चिखलात इजिप्तचा कागद. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, जरूर बघा.

परदेशात: सर्वांत जुन्या आयरिश वाक्यांपैकी बरीच टिकली ती स्वित्झर्लंड, जर्मनी आणि इटलीतल्या लॅटिन पोथ्यांच्या समासात. आयरिश भिक्षू तिकडे गेले आणि लॅटिन शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत ओळींच्या मध्ये लिहून ठेवले; आपण शाळेत इंग्रजी धड्यावर पेन्सिलीनं मराठी लिहायचो ना, तसंच. योहान कास्पर त्सॉइस या बव्हेरियन शिक्षकानं त्या टिपा उकलून १८५३ मध्ये केल्टिक भाषांचं व्याकरण छापलं. जुनी आयरिश पुन्हा वाचता येऊ लागली ती तिथून.

भारताशी याचा काही संबंध?

आहे, आणि तो मला फार आवडतो. व्हिटली स्टोक्स हा डब्लिनचा वकील १८६२ मध्ये भारतात आला आणि वीस वर्षं राहिला. १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता. घराचं खरेदीखत करताना वकील ज्याचं नाव घेतात तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा याच काळातला, त्याच्या मसुद्यावर स्टोक्सचा हात फिरलेला. दिवसा कलमं, उरलेल्या वेळात जुनी आयरिश. १८८१ मध्ये त्यानं ट्रॉयच्या पाडावाची मध्ययुगीन आयरिश कथा संपादित करून छापली ती कलकत्त्यात. ग्रीक युद्ध, आयरिश भाषा, बंगाली छापखाना.

दुसरा जॉर्ज ग्रियर्सन, जन्म डब्लिन परगण्यातला. त्याच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड, १९०५ चा, अख्खा मराठीचा आहे. बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट वेगवेगळ्या बोलींत सांगायला लावून त्यानं नमुने घेतले. एकच गोष्ट देशावरची, कोकणातली, वऱ्हाडातली. एकामागून एक वाचून बघा, करमणूक होते.

ही नावं उच्चारायची कशी?

देवनागरीत लिहून. खरंच सांगतो, रोमन अक्षरं बघूच नका. आयरिशला ‘व’ आहे, घशातला ‘ख़’ आहे, पण रोमनमध्ये एकेका आवाजासाठी दोन-तीन अक्षरं चिकटवावी लागतात आणि सगळा गोंधळ होतो. जुन्या लिपीत अक्षरावर नुसता ठिपका द्यायचे, आपल्याकडे खाली नुक्ता देतात तसा. छपाईच्या सोयीसाठी ठिपका गेला आणि त्याजागी रोमन ‘एच’ आला. म्हणून ‘नीव’ नावाच्या मुलीच्या नावात शेवटी ‘एम’ आणि ‘एच’ दिसतात. शिव्हॉन, टाइग, मेव्ह, शॉन: आपल्या लिपीत लिहिलं की कोणीही बरोबर म्हणतो.

कुठलं भाषांतर घेऊ?

टॉइनसाठी टॉमस किन्सेला (१९६९) किंवा किरन कार्सन (२००७). किन्सेलाच्या आवृत्तीत लुई ल ब्रोकी यांची शाईची चित्रं आहेत. सांडलेल्या काळ्या डागांतून फौज उभी राहते.

लेडी ग्रेगरींचं १९०२ चं पुस्तक फुकट मिळतं म्हणून बहुतेक जण तिथून सुरुवात करतात. त्यांचं ऋण मोठं आहे, कित्येक वाचकांना हे वीर त्यांनीच भेटवले. पण त्यांनी अर्पणपत्रिकेतच कबूल केलंय की वाचकांना रुचणार नाही असं बरंच गाळलं. जे गाळलं त्यातच जीव होता. मेव्ह वळूच्या मोबदल्यात गाई, रथ, जमीन आणि शिवाय स्वतःच्या मांड्यांची मैत्री देऊ करते. मूळ लेखकूला हे लिहिताना काही वाटलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाअखेरीस सगळ्या जुन्या गोष्टींना धुक्याची शाल पांघरायची पद्धत पडली. शाल काढा. खाली हिशेबी, भांडकुदळ, चावट माणसं आहेत.

छोट्या कवितांसाठी मात्र जुनंच पुस्तक सांगेन: कुनो मायर या जर्मन पंडिताची १९११ ची निवड. तेही इंटरनेटवर फुकट आहे.

कवितेत काय चुकवू नये?

आयलीन डव्ह नी खॉनिलचा विलाप. १७७३. तिचा नवरा आर्ट ओ लेरी ऑस्ट्रियाच्या सैन्यात कॅप्टन होता, तिकडून उमदा घोडा घेऊन आला. तेव्हाचा कायदा असा की कॅथलिक माणसाला पाच पौंडांपेक्षा महाग घोडा ठेवता येत नाही. कोणा प्रोटेस्टंटनं पाच पौंड पुढं केले की देऊन टाकायचा. आर्टनं दिला नाही. ४ मेला त्याला गोळी घातली. घोडा एकटाच घरी आला, लगाम जमिनीवर लोळत, खोगीर रक्तानं माखलेलं. ती म्हणते: पहिली उडी उंबऱ्यापर्यंत, दुसरी फाटकापर्यंत, तिसरी तुझ्या घोड्यावर. प्रेतापाशी पोचल्यावर ती त्याचं रक्त पुसत नाही, ओंजळीनं पिते.

हे तिनं कागदावर लिहिलं नाही. मर्तिकाच्या घरी बायका गाणं रचून रडत, त्या रीतीत ते झालं आणि तोंडातोंडी टिकलं. पुढं एका गाणाऱ्या बाईकडून उतरवून घेतलं गेलं. त्यात नणंद मध्येच टोमणा मारते की वहिनी प्रेताजवळ जागायचं सोडून झोपायला गेली, आणि आयलीन तिथल्या तिथं उत्तर देते. जात्यावरच्या ओव्यांत नणंद-भावजय ऐकलेल्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

आर्टची कबर कॉर्कपासून जवळच, किलक्रे मठाच्या पडक्या भिंतींत आहे. छप्पर नाही, तिकीट नाही. दगडावर इंग्रजीत दोनच ओळी: दिलदार, देखणा, शूर, ऐन बहरात मारला गेला. मी गेलो तेव्हा पाऊस होता आणि बाजूच्या शेतात गाई रवंथ करत होत्या.

चव बदलायची असेल तर ब्रायन मेरिमनची ‘मध्यरात्रीची कचेरी’, साधारण १७८० ची, हजारभर ओळींची. बायकांचं न्यायालय भरतं, परीराणी न्यायाधीश, आणि आरोप असा की पुरुष वेळेवर लग्नं करत नाहीत आणि पाद्री लग्नावाचून फुकट जातात. फ्रँक ओ’कॉनरच्या इंग्रजी भाषांतरावर स्वतंत्र आयर्लंडनं बंदी घातली. मूळ आयरिश मात्र दुकानात राजरोस विकत होते.

बंदी? स्वतंत्र देशानं स्वतःच्याच पुस्तकांवर?

१९२९ चा कायदा. केट ओ’ब्रायनच्या १९४१ च्या कादंबरीवर बंदी आली ती एका वाक्यापायी, ज्यात मुलगी आपल्या बापाला दुसऱ्या पुरुषाच्या मिठीत बघते. एक वाक्य, बाकी सगळं कॉन्व्हेंटमधलं. एडना ओ’ब्रायनची पहिली कादंबरी १९६० मध्ये अशीच गेली. ही यादी हाती धरून वाचलं तर विसावं शतक उत्तम कळतं, कारण निवड करणाऱ्यांना चांगलं काय ते नेमकं कळत असावं.

बायकांचं लेखन विसरायला बंदीची तरी कुठं गरज होती? १९९१ मध्ये आयरिश लेखनाचे तीन भले मोठे निवडक खंड निघाले, त्यात लेखिका इतक्या थोड्या की गदारोळ झाला. अखेर २००२ मध्ये चौथा आणि पाचवा खंड फक्त स्त्रियांच्या लेखनासाठी काढावा लागला. तुम्हाला एक नाव देतो: मेव्ह ब्रेनन. डब्लिनची, आयुष्य न्यू यॉर्कमध्ये गेलं, १९९३ मध्ये वारली तेव्हा मायदेशी फार थोड्यांना ठाऊक होती. नवरा-बायको एका घरात, बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, एवढ्यावर तिच्या कथा उभ्या राहतात.

बेटावरच्या माणसांची पुस्तकं म्हणतात ती कोणती?

ब्लास्केट बेटं, नैर्ऋत्य टोकाला. शेवटची माणसं १९५३ मध्ये किनाऱ्यावर आणली. त्याआधी त्या मूठभर घरांतून तीन आत्मचरित्रं आली. पहिलं आणि सर्वांत भारी टोमास ओ क्रिहन या कोळ्याचं, १९२९ चं. मुलगा कड्यावरून पडून गेला, हे तो मासे किती मिळाले त्याच आवाजात सांगतो. तिसरं पेग सेयर्सचं. ते शाळेत लावल्यामुळे इथल्या कैक पिढ्या त्याच्या नावानं अजून कपाळावर हात मारतात.

ही पुस्तकं वाचून झाली की लगेच फ्लॅन ओ’ब्रायनचं १९४१ चं आयरिश विडंबन घ्या. सतत पाऊस, सतत बटाटे, माणसांबरोबर घरात डुकरं, आणि शुद्ध गेलिक दारिद्र्य बघायला आलेले शहरी भाषाप्रेमी. आधी मूळ वाचल्याशिवाय हसू येत नाही.

आणि मार्टीन ओ काइनची १९४९ ची कादंबरी, जिच्यात सगळी पात्रं मेलेली आहेत. सगळे स्मशानात, जमिनीखाली, आणि भाऊबंदकी चालूच. नायिकेला पहिली काळजी ही की आपल्याला एक पौंडाच्या जागेत पुरलं की पंधरा शिलिंगांच्या. इंग्रजीत यायला तिला २०१५ उजाडावं लागलं. तेव्हा आली आणि पाठोपाठ दुसरं भाषांतरही.

फुकट काय काय मिळतं?

कॉर्क विद्यापीठाच्या ‘सेल्ट’ या संकेतस्थळावर मूळ आयरिश मजकूर आणि पुष्कळ ठिकाणी इंग्रजी भाषांतर. डब्लिनच्या उच्च अध्ययन संस्थेच्या ‘आयरिश स्क्रिप्ट ऑन स्क्रीन’वर हस्तलिखितांची पानं, इतकी मोठी करून की कातड्याचं भोकही दिसतं. लेखकू भोकाला वळसा घालून लिहितो, ते बघत बसावं.

पण घरी मुलं असतील तर ‘दूखस’ हे लोककथांचं संकेतस्थळ उघडा. १९३७ ते १९३९ मध्ये सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या मुलांना वह्या दिल्या आणि सांगितलं, घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी, औषधं, भुतंखेतं, पुरलेलं धन, दुष्काळाच्या आठवणी लिहून आणा. सुमारे ७,४०,००० पानं जमली. ती पोरांच्या अक्षरात वाचता येतात. खाली नाव कोणाकडून ऐकलं त्याचं, वय, गाव.

जुनी पुस्तकं विकत घेताना काय बघावं?

प्रकाशकाचं नाव आणि पानांची संख्या. मी एकदा स्वस्तात मिळालं म्हणून एक मागणीनुसार छापून देणारी प्रत घेतली. आत स्कॅन केलेली पानं, त्यातली सोळा दोनदा, आठ गायब, आणि एका पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. नकाशा घडीबंद होता, तो घडी न उघडताच छापलेला.

जॉइस वाचायलाच हवा का?

‘डब्लिनर्स’मधली शेवटची कथा वाचा. मग ठरवा.

आयरिश शिकावी लागेल?

नाही. पण थोडी कानावर पडू द्या. तीन म्हणजे ‘त्री’, राजा म्हणजे ‘री’, दहा म्हणजे ‘देख’. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, हे तर आपलंच आहे.

निदान एक शब्द पाठ करा. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॉलन मठात लॅटिन व्याकरणाची नवव्या शतकातली प्रत आहे, आयरिश भिक्षूंनी उतरलेली. एका पानाच्या समासात, वरिष्ठांना वाचता येऊ नये म्हणूनच बहुधा, ऑगमच्या रेघांत एकच शब्द आहे: ‘लाथर्ट’. म्हणजे, काल रात्रीच्या बिअरनं मारलं. खाली व्याकरण पुढं चालू.